प्लॅटफॉर्म मुंबईत, तिकीटखिडकी व्हर्जिनियात

२० ऑक्टोबर २०२५. देशभर दिवाळी सुरू होती. भारतात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील उत्तर व्हर्जिनियात रात्रीचे पावणेतीन झाले होते. त्या सुमारास तेथील अमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएस, या कंपनीच्या संगणककेंद्रांत एका महत्त्वाच्या माहितीसाठ्याचा पत्ता नाहीसा झाला. साठा जागेवर होता, त्यातील माहितीही सुरक्षित होती. फक्त ‘तो कोठे आहे’ हे सांगणारी नोंद कोरी झाली होती. पुढच्या काही तासांत सिग्नल, स्नॅपचॅट, पर्प्लेक्सिटी अशा सेवा जगभर अडखळल्या.

दुसऱ्या दिवशी अनेकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. व्हर्जिनियातील एका परगण्यात काही बिघडले, तर त्याचा चटका जगाच्या दुसऱ्या टोकाला का बसावा? या प्रश्नाला अनेक उत्तरे आहेत. त्यांपैकी एकाचाच इतिहास येथे सांगायचा आहे, कारण त्याची फारशी चर्चा होत नाही. तो आहे क्लाउडमधील तात्पुरत्या किल्ल्यांचा आणि त्या किल्ल्या देणाऱ्या खिडकीचा. ही खिडकी अनेक वर्षे व्हर्जिनियात होती. २०२५ मध्येच, त्या बिघाडाच्या काही महिने आधी, ती मुंबईसह १७ ठिकाणी उघडली गेली. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना याची गंधवार्ताही नव्हती.

गोष्ट नीट समजण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते.

गुपित एका जागी ठेवले की

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही संगणकप्रणाली उभी केली. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही तिची कल्पना. संगणक सामायिक झाला, पण प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहायला हव्यात. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. संगणकाच्या दारात पासवर्ड मागण्याची प्रथा रुजवणाऱ्या आरंभीच्या प्रणालींत सीटीएसएसचे नाव घेतले जाते.

आणि पासवर्ड फुटण्याची पहिली उदाहरणेही तिथलीच. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत होते. त्याने छिद्रपत्रिकेवरून संगणकाला सर्व पासवर्डांची फाइल छापण्याची आज्ञा दिली आणि इतरांच्या नावाने जास्तीचा वेळ मिळवला. पुढे १९६६ मध्ये आणखी मजेशीर प्रकार घडला. दोन वेगवेगळ्या फायलींवर एकाच वेळी काम चालू असताना त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली. परिणामी, प्रणालीत शिरणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी पडद्यावर दिसू लागली.

या दोन घटनांतून एक गोष्ट कायमची स्पष्ट झाली. दीर्घकाळ चालणारे गुपित जेथे साठवले जाते, तेथून ते कधीतरी बाहेर पडते. लबाडीने पडेल, चुकीने पडेल, पण पडेल. मग उपाय काय? गुपित अधिक खोल पुरून ठेवणे हा एक. दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा होता: गुपिताचे आयुष्यच कमी करणे.

तिकिटाची कल्पना

रेल्वेचे प्लॅटफॉर्म तिकीट आपल्या परिचयाचे आहे. ते दोन तास चालते. हरवले, कोणाच्या हाती लागले, तरी दोन तासांनंतर तो निव्वळ कागद. मासिक पास हरवणे आणि प्लॅटफॉर्म तिकीट हरवणे यांत जो फरक आहे, तोच फरक कायमच्या आणि तात्पुरत्या किल्लीत असतो.

ही कल्पना संगणकात शास्त्रशुद्ध रीतीने आणण्याची पायाभरणी १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांच्या शोधनिबंधाने केली. परस्परांना न ओळखणारे दोन संगणक एका तिसऱ्या, दोघांच्याही विश्वासातील सर्व्हरच्या मध्यस्थीने एकमेकांची ओळख कशी पटवतील, याची पद्धत त्यांनी मांडली. मध्यस्थ दोघांना एक नवी, त्या संभाषणापुरतीच किल्ली देतो. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी त्यातील उणीव दाखवली. जुनी, फुटलेली किल्ली पुन्हा पुढे केली, तर ती जुनी आहे हे समोरच्याला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी उपाय सुचवला: किल्लीवर वेळेचा शिक्का मारा.

याच पायावर एमआयटीतच, १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेना या उपक्रमात, केर्बेरॉस ही प्रणाली आकाराला आली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर राखण करणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. तिच्यातील तात्पुरत्या किल्लीला तिच्या कर्त्यांनी ‘तिकीट’ हाच शब्द वापरला. विद्यार्थी सकाळी एकदा पासवर्ड देई, त्याच्या बदल्यात त्याला साधारण आठ तासांचे तिकीट मिळे आणि मग दिवसभर छापखाना, टपाल, फायली अशा प्रत्येक दारावर ते तिकीट चाले. तिच्या चौथ्या आवृत्तीत तिकिटाच्या मुदतीसाठी एकच बाइट राखून ठेवला होता आणि मुदत पाच-पाच मिनिटांत मोजली जाई. त्यामुळे कोणतेही तिकीट २१ तास १५ मिनिटांपेक्षा जास्त जगूच शकत नसे. कंजूषपणाने ठेवलेली जागा येथे शिस्तही ठरली.

मात्र या व्यवस्थेने दोन नव्या गरजा निर्माण केल्या. पहिली गरज घड्याळाची. तिकिटाची मुदत संपली की नाही हे ठरवायचे, तर देणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे घड्याळ काही मिनिटांच्या आत जुळलेले हवे. ही गरज आजही तशीच आहे. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते.

दुसरी गरज अधिक खोल होती आणि आपल्या गोष्टीचा कणा तीच आहे. किल्ली कायमची असते तेव्हा ती देणारा दिल्यानंतर गायब झाला तरी चालते. किल्ली तात्पुरती असेल, तर ती देणारा रोज, दर काही तासांनी, जागेवर हवा. खिडकी बंद म्हणजे स्थानकात प्रवेश बंद. अथेनाच्या कर्त्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी मुख्य सर्व्हरच्या प्रती एमआयटीच्या परिसरात अन्यत्र ठेवल्या आणि मुख्य सर्व्हरवरील माहिती दर तासाला तेथे उतरवण्याची सोय केली. तिकीट देणारा एकच नसावा आणि तो जवळ असावा, हा धडा १९८८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाचायला मिळतो.

क्लाउडच्या दारात तीच गोष्ट

२००६ मध्ये एडब्ल्यूएसने साठवण आणि संगणन भाड्याने देणे सुरू केले. ग्राहकाला किल्लीची जोडी मिळे: एक उघड क्रमांक आणि एक गुप्त मजकूर. ही जोडी कायमची होती. ती आज्ञावलीत लिहिली जाई, आज्ञावली सहकाऱ्यांकडे जाई, सहकाऱ्यांकडून सामायिक साठ्यात. सीटीएसएसचाच इतिहास मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडणे अटळ होते. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या गिटहबवरील खासगी साठ्यात अशी किल्ली चोरांच्या हाती लागली. तिच्या आधारे सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती पळवली गेली. ही गोष्ट जगाला कळली ती पुढच्या वर्षी.

ऑगस्ट २०११ मध्ये एडब्ल्यूएसने तात्पुरत्या किल्ल्यांची सोय जाहीर केली. ती देणारी सेवा म्हणजे सिक्युरिटी टोकन सर्व्हिस. तंत्रज्ञ तिला एसटीएस म्हणतात. तिची रीत अशी. एखाद्या आज्ञावलीला एखादी ‘भूमिका’ घेण्याची परवानगी आधीच दिलेली असते. आज्ञावली एसटीएसकडे जाते, आपली ओळख पटवते आणि भूमिका मागते. एसटीएस तिला तीन वस्तू देते: क्रमांक, गुप्त किल्ली आणि मुदतीचा शिक्का असलेले टोकन. गुप्त किल्ली पुढच्या विनंत्यांसोबत पाठवली जात नाही. तिच्या साहाय्याने प्रत्येक विनंतीवर गणिती स्वाक्षरी केली जाते आणि ती स्वाक्षरी, क्रमांक व टोकन पुढे जाते. भूमिकेच्या किल्लीची मुदत सहसा एक तास असते. ती १५ मिनिटांपर्यंत कमी आणि १२ तासांपर्यंत जास्त करता येते. जाणकाराला क्रमांकाच्या पहिल्या चार अक्षरांवरूनच किल्लीची जात कळते: कायमची ‘एकेआयए’ने सुरू होते, तात्पुरती ‘एएसआयए’ने.

जून २०१२ पासून भाड्याने घेतलेल्या संगणकांनाच भूमिका देता येऊ लागली. किल्ली आज्ञावलीत लिहिण्याची गरज उरली नाही. संगणक स्वतः नवी किल्ली आणतो, जुनी टाकून देतो. तात्पुरती किल्ली म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही खरे. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतील चोरी अशाच एका भूमिकेच्या किल्लीने झाली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील ६० लाख लोकांना तिची झळ पोहोचली. भूमिकेला गरजेपेक्षा जास्त अधिकार होते आणि संगणकाकडून किल्ली काढून घेण्याची वाट पुरेशी राखलेली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसने ही वाट अधिक कडक केली. तरीही मूळ विचार टिकला: अल्पायुषी किल्ली बरी.

‘जागतिक’ नावाचा एक पत्ता

आता प्रश्न उरतो खिडकीच्या जागेचा.

एसटीएस सुरू झाली तेव्हा तिला एकच नाव होते: एसटीएस डॉट अमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम. जगात कोठूनही हे नाव घ्या, विनंती पोहोचे उत्तर व्हर्जिनियात. या नावाला ‘ग्लोबल’, म्हणजे जागतिक, म्हणण्याची पद्धत पडली. शब्द ऐकून वाटते की ते सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ते एकाच ठिकाणी होते आणि सर्वांनी तेथे जायचे होते. नावात जग होते, पत्त्यात एक परगणा.

जून २०१६ मध्ये एडब्ल्यूएसने मुंबईत आपला विभाग उघडला. भारतीय कंपन्यांना, संशोधन संस्थांना, शासकीय प्रकल्पांना आपली माहिती देशातच ठेवून देशातच संगणन करता येऊ लागले. पण आज्ञावलीने किल्ली मागताना जुनेच जागतिक नाव घेतले असेल, तर? संगणक मुंबईत, माहिती मुंबईत, ग्राहकही मुंबईत आणि किल्ली मात्र व्हर्जिनियाहून. प्लॅटफॉर्म येथे, तिकीटखिडकी तेथे.

याची किंमत मोजता येते. मुंबई ते उत्तर व्हर्जिनिया हे सरळ अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. म्हणजे एका फेरीला, जाऊन येऊन, किमान १३० मिलिसेकंद. हा झाला निसर्गाने घातलेला तळ; कोणताही अभियंता याखाली जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष तारा सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. शिवाय सुरक्षित जोडणी उभी करायला एक फेरी पुरत नाही. आधी जोडणीची हाक, मग सांकेतिक किल्ल्यांची देवघेव, मग खरी विनंती. अशा तीन फेऱ्या धरल्या तरी किमान ३९० मिलिसेकंद होतात. एकाच विभागात हाच व्यवहार काही मिलिसेकंदांत आटोपतो. तासातून एकदा किल्ली आणणाऱ्या संगणकाला हे जाणवणारही नाही. पण ज्या प्रणालीत क्षणाक्षणाला नवी छोटी कामे जन्म घेतात आणि प्रत्येक काम जन्मताच किल्ली मागते, तेथे हा विलंब साचत जातो.

आणि वाट केवळ लांब नाही, नाजूकही आहे. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या महाकाय जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये समुद्रतळावरून तार टाकली आणि मुंबई तांबड्या समुद्रामार्गे इंग्लंडशी जोडली गेली. आज तारेच्या जागी काचतंतू आले, पण पश्चिमेकडे जाणारा मोठा मार्ग तोच राहिला. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या, तेव्हा भारताचे इंटरनेट रखडले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तारा तुटल्या, तेव्हाही भारतापर्यंत परिणाम जाणवला. पूर्वेकडून, सिंगापूर आणि प्रशांत महासागरामार्गे, दुसरी वाट आहे, परंतु ती काही जवळची नव्हे. जे काम मुंबईतल्या मुंबईत व्हायचे, त्याची किल्ली या वाटांवर अवलंबून असावी यात शहाणपण नव्हते.

उपाय होता, सवय नव्हती

एडब्ल्यूएसला हे कळत नव्हते असे नाही. फेब्रुवारी २०१५ मध्येच तिने प्रत्येक विभागासाठी एसटीएसचे वेगळे नाव उपलब्ध करून दिले. मुंबई विभाग उघडल्यावर मुंबईचेही नाव आले. ते वापरा, असा सल्ला ती पुढे वर्षानुवर्षे देत राहिली. मग लोकांनी का ऐकले नाही?

उत्तर संगणकशास्त्राइतकेच मानवी स्वभावात आहे. आज्ञावली लिहिताना जी तयार साधने वापरली जातात, त्यांतील अनेकांत मूळ जागतिक नाव आधीच भरलेले होते. आधीच भरलेली रकाना सहसा कोणी खोडत नाही. जुन्या आज्ञावल्या चालत होत्या, आणि चालत्या यंत्राला हात लावू नये ही आपल्या सर्वांचीच शिकवण.

मग मोजणी झाली ती बिघाडाच्या दिवशी. ७ डिसेंबर २०२१ रोजी उत्तर व्हर्जिनियातील एडब्ल्यूएसच्या अंतर्गत जाळ्यावर अचानक प्रचंड ताण आला आणि तिच्या अनेक सेवा तासन्‌तास मंदावल्या. कंपनीने नंतर दिलेल्या अहवालात एसटीएसचाही उल्लेख आहे. बाहेरच्या ओळखसेवांमार्फत येणाऱ्यांना किल्ल्या मिळण्यास विलंब होऊ लागला आणि त्यामुळे, किल्लीसाठी एसटीएसवर विसंबणाऱ्या इतर सेवांत प्रवेश मिळेना. संगणक शाबूत, माहिती शाबूत, पण दार उघडेना.

२०२५ चा बदल

अखेर एडब्ल्यूएसने ग्राहकांनी सवय बदलण्याची वाट पाहणे सोडले आणि नावामागचा पत्ताच बदलला. नाव तेच, जागतिक. पण आता ते नाव मुंबईतील संगणकाने घेतले, तर विनंती मुंबईतील एसटीएसकडे जाते. फ्रँकफर्टमधील संगणकाने घेतले, तर फ्रँकफर्टमधील. ग्राहकाने एकही ओळ बदलायची नाही.

हे घडते डीएनएसमुळे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या निर्देशिकेमुळे. एडब्ल्यूएसच्या विभागात चालणारा संगणक साधारणपणे अमेझॉनच्याच डीएनएस सर्व्हरला पत्ता विचारतो. प्रश्न कोणत्या विभागातून आला हे त्या सर्व्हरला माहीत असते, म्हणून तो जवळच्या खिडकीचा पत्ता देतो. केर्बेरॉसच्या कर्त्यांनी एका विद्यापीठाच्या आवारात जे केले, तेच येथे पृथ्वीच्या पाठीवर झाले.

पण या बदलाला दोन अटी आहेत आणि भारतातील विद्यार्थ्यांनी त्या नीट वाचाव्यात. पहिली अट: पत्ता अमेझॉनच्या डीएनएस सर्व्हरलाच विचारलेला हवा. संस्थेने स्वतःचा किंवा अन्य कोणाचा डीएनएस सर्व्हर लावला असेल, तर विनंती पूर्वीप्रमाणे व्हर्जिनियालाच जाते. दुसरी अट: बदल फक्त त्या १७ विभागांत झाला, जे प्रत्येक ग्राहकाला आपोआप खुले असतात. २० मार्च २०१९ नंतर सुरू झालेले विभाग ग्राहकाने स्वतः निवडून चालू करावे लागतात. तेथे हा बदल लागू नाही.

आता भारताचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई २०१६ ची, म्हणून पहिल्या गटात. हैदराबादचा विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, म्हणून दुसऱ्या गटात. एकाच देशात, एकाच कंपनीची, एकाच नावाने मागितलेली किल्ली मुंबईत मुंबईहून मिळते आणि हैदराबादेत व्हर्जिनियाहून. इतकेच नव्हे, तर जागतिक नावाने मिळालेली किल्ली ग्राहकाने आपल्या खात्यातील मांडणी बदलल्याशिवाय हैदराबादेत चालतही नाही. हैदराबादचे स्वतःचे नाव वापरले की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. तेथील खिडकी उघडीच आहे. तिचे नाव घेऊन तिच्याकडे जावे लागते, एवढेच.

आणखी एक तपशील लक्षणीय आहे. जागतिक नावाने झालेल्या व्यवहाराची नोंद अजूनही उत्तर व्हर्जिनियाच्याच वहीत होते, काम मुंबईत झाले असले तरी. कारण असंख्य संस्थांचे नियम आणि तपासणीच्या पद्धती ‘या नोंदी व्हर्जिनियात सापडतात’ हे गृहीत धरून बांधलेल्या आहेत. त्या एका रात्रीत मोडू नयेत. म्हणून नोंदीत दोन नवे रकाने जोडले गेले: कोणत्या प्रकारच्या नावाने विनंती आली आणि ती प्रत्यक्षात कोणत्या विभागाने पुरवली. जुन्या वाड्यात नवी वीजजोडणी करताना भिंती न पाडता तारा फिरवाव्या लागतात, तसेच हे काम झाले.

दिवाळीतली कसोटी

आता पुन्हा २० ऑक्टोबर २०२५ कडे वळू. त्या दिवशीच्या बिघाडाचे मूळही डीएनएसमध्येच होते. पत्त्यांची नोंद अद्ययावत ठेवणारे दोन स्वयंचलित कारकून एकाच वेळी काम करत होते. एक मागे पडला आणि त्याने जुनी यादी नव्या यादीवर चढवली. दुसऱ्याने ‘ही यादी जुनी आहे’ असे पाहून ती साफ केली. परिणामी नोंद कोरी. १९६६ मध्ये एमआयटीत दोन फायलींची अदलाबदल झाली होती, तिचीच ही दूरची भावंड म्हणावी लागेल.

कंपनीच्या अहवालानुसार उत्तर व्हर्जिनियातील एसटीएस भारतीय वेळेप्रमाणे दुपारी १२.२१ पासून १.४९ पर्यंत चुका करत होती आणि रात्री ९.०१ ते १०.२९ या काळात पुन्हा अडखळली. विचार करा: हीच घटना एक वर्ष आधी घडली असती, तर जागतिक नाव घेणाऱ्या मुंबईतील प्रत्येक संगणकाची किल्ली या बिघाडाच्या वाटेवर उभी असती. जुन्या किल्लीची मुदत तासाभरात संपली असती आणि नवी मिळणे बेभरवशाचे झाले असते. नव्या रचनेत मुंबईतून निघालेली ही विनंती व्हर्जिनियाकडे वळतच नाही. पुलाचे बांधकाम पुराच्या आधी पूर्ण झाले, तर पूर येऊन गेल्याचे बातमीतून कळते, तसेच काहीसे.

सगळेच अवलंबित्व संपले असे मात्र नाही. भूमिका निर्माण करणे, अधिकार बदलणे ही व्यवस्थापनाची कामे आजही व्हर्जिनियातून चालतात. आधीच दिलेले अधिकार तपासण्याचे रोजचे काम प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे होते. म्हणून जाणते अभियंते सांगतात: संकटाच्या वेळी काही नवे निर्माण करावे लागेल अशी योजना आखू नका, लागणार आहे ते आधीच तयार ठेवा.

या इतिहासातून काय घ्यावे

ॲलन शेरच्या छिद्रपत्रिकेपासून मुंबईच्या खिडकीपर्यंत साठ वर्षांचा प्रवास आहे. त्याचा पहिला अर्धा भाग शिकवतो की गुपिताचे आयुष्य कमी असावे. दुसरा अर्धा भाग शिकवतो की आयुष्य कमी केले की ते पुन्हा पुन्हा देणारा जवळ असावा लागतो. सुरक्षितता आणि उपलब्धता या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो. येथे त्या एकाच दोरीची दोन टोके आहेत. किल्लीची मुदत जितकी आखूड, तितके खिडकीचे अंतर महत्त्वाचे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्लाउडवर पहिली आज्ञावली चालवणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझी किल्ली किती काळ जगते? ती देणारा कोठे बसतो? आणि तो बंद पडला, तर माझ्याकडे असलेल्या किल्लीवर मी किती वेळ काढू शकेन? ही उत्तरे शोधायला फार तर एक दुपार लागेल. न शोधता पुढे गेलो, तर आपली प्रणाली कोणत्या देशातील बिघाडाने थांबेल हे आधीच भरलेला एखादा रकाना ठरवून टाकतो.

‘जागतिक’ हा शब्द दिसला की त्यामागचा पत्ता विचारावा. प्रत्येक क्लाउड शेवटी कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी इमारतीत असतो. मुंबईची तिकीटखिडकी आता मुंबईत आहे. हैदराबादेत काम करणाऱ्यांनी आपली खिडकी तिच्या नावाने विचारावी.